सात धावांचा ताळा

५ मे

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

पोचलो एकदाचे. विमानात तुझा लंबू खिडकीपाशी आणि त्याचे गुडघे माझ्या बरगड्यांत. सव्वासहा फूट पोरगा तू जन्माला घातलास, आणि भोगतोय मामा! इथे आम्हाला एका शाळेच्या वसतिगृहात उतरवलंय. सुट्टी आहे, त्यामुळे इमारत रिकामी. खाटा शाळकरी मापाच्या. लंबू पायाशी बाक लावून झोपतो.

आमचा संघ म्हणजे बारा भानगडी. कप्तान दातांचा डॉक्टर, दोघे पोस्टमन, एक पाव भाजणारा, तुझा मुलगा लेथवरचा. आणि धावा लिहायला वजनकाट्यावरचा मी.

हे 'पात्र ठरणं' म्हणजे काय ते तू निघताना विचारलंस आणि मी गडबडीत उत्तर दिलं नाही. मोठ्या देशांचे संघ विश्वचषकात थेट जाऊन बसतात. आम्ही सहा लिंबूटिंबू इथे आपापसांत लढायचं. प्रत्येकाशी एक सामना. पहिले तीन विश्वचषकाला, उरलेले घरी. दोन संघांचे विजय सारखे झाले तर धावगती बघायची. स्पर्धेतल्या एकूण धावा भागिले एकूण षटकं. त्यातही एक गंमत आहे. संघ लवकर सर्वबाद झाला तरी त्याची षटकं पूर्ण पन्नासच धरायची. न टाकलेली षटकं टाकली म्हणायची! काट्यावर मी असं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. ट्रक आला, काटा हलला, जे दिसलं ते लिहिलं. वीस वर्षं हेच केलंय.

मैदान हिरवंगार आहे. फक्त एका टोकाला, यष्ट्यांपासून पाच-सहा पावलांवर, एक जागा पायाला पोकळ लागते. मैदान राखणारा म्हातारा म्हणाला, खाली जुना नाला बुजवलाय. चेंडू तिथे पडला तर काय करेल, असं विचारलं. म्हातारा हसला आणि पाण्याची नळी ओढत निघून गेला. मला ते हसणं काही आवडलं नाही.

लंबूचा नमस्कार. तो लिहिणार नाही, तुला माहीतच आहे.

तुझा धाकटा

*

११ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. सहा दिवस लागले. म्हणजे हे तुला सतराला मिळेल आणि तोवर तिकडे काय काय होऊन गेलेलं असेल. हा विचार मला मुळीच आवडत नाही. मी बोलणार आज आणि तू ऐकणार पुढच्या आठवड्यात.

त्या पोकळ जागेबद्दल कप्तानाला सांगितलंस का? की मला लिहिलंस आणि तुझं काम संपलं? लंबू हेल्मेट घालतो का, ते स्पष्ट लिही. त्याचं डोकं मोठं आहे, लहानपणापासून टोपी बसत नाही. तो स्वतः काही मागून घेणार नाही. भिडस्त आहे, बापावर गेलाय. त्याचे बाबा छातीत दुखतंय हे तीन दिवस कुणाला बोलले नव्हते, आणि चौथा दिवस आपण सगळ्यांनी बघितला. मी त्याला कुणा कप्तानाच्या नाही, तुझ्या भरवशावर पाठवलंय. एवढं ध्यानात ठेव.

आणि तुझ्या त्या धावगतीचे आकडे मला पाठव. पोरांना सुट्टीनंतर भागाकारासाठी देईन. शिवाय तुझं गणित मला ठाऊक आहे. भागाकार झरझर करतोस, उत्तराखाली दोन रेघा ओढतोस आणि ताळा कधी करत नाहीस. किती वेळा कान धरलाय तुझा त्यावरून. उत्तर आलं म्हणजे बरोबर आलं असं नसतं रे.

तुझी
ताई

*

१७ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र आत्ताच मिळालं. वाचताना कान आपोआप लाल झाला.

हेल्मेटं आहेत. झालं समाधान?

आता बातमी ऐक. चारांतले तीन जिंकलो! परवा शेवटचा सामना, यजमानांशी. पहिल्या दोन जागा गेल्यात. तिसरी एकतर आपली, नाहीतर निळ्या टोपीवाल्यांची. त्यांचे पाचही सामने संपले, त्यांचेही तीनच विजय. आपण परवा जिंकलो तर प्रश्नच मिटला. हरलो तर धावगती.

घे तुझे आकडे. निळ्यांच्या धावा: २०३, १८८ आणि १५८, तिन्ही वेळा पन्नास षटकं. मग १२६ वर सर्वबाद, बेचाळीस षटकांत. मग १६५, चाळीस षटकांत सामना जिंकून. एकूण ८४०. आपल्या चार सामन्यांत ७३५, चारही वेळा पूर्ण पन्नास षटकं खेळून. मी गणित करून ठेवलंय. परवा आपण हरलो तरी १७१ धावा झाल्या की आपण आत! १७० ला बाहेर. व्यवस्थापकांनी विचारलं, नक्की ना? म्हटलं, साहेब, माझ्या काट्यावरून दहा किलोचा फरक कधी गेला नाही.

खरं सांगू, इथे हा हिशेब माझ्याशिवाय कुणाला येत नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. आयुष्यात पहिल्यांदा, ताई.

यजमानांकडे एक गोलंदाज आहे, त्याला सगळे लोहार म्हणतात. काल त्याला सरावात पाहिलं. तो मुद्दाम नाल्याच्या टोकाला टाकत होता. एक चेंडू त्या जागेवर पडला आणि सरळ यष्टीरक्षकाच्या कपाळावरून गेला. म्हातारा बाजूला उभा होता. या वेळी हसला नाही.

लंबू मजेत आहे. घोडामैदान जवळच आहे.

तुझा धाकटा

*

२० मे

चि. धाकट्यास,

रेडिओवर सांगितलं, हरूनही पात्र ठरले. शेजारपाजारचे दारात जमले. मुख्याध्यापकांनी शाळेच्या फळ्यावर लंबूचं नाव लिहून घेतलं. मी सगळ्यांना हसून दाखवलं.

पण रेडिओवाला असंही म्हणाला, की जखमी फलंदाज पुन्हा मैदानात उतरला म्हणून हे घडलं. नाव घेतलं तेव्हा नेमकी खरखर आली. आणि संध्याकाळी व्यवस्थापकांची तार: 'किरकोळ दुखापत. काळजी नसावी.'

किरकोळ दुखापतीची कुणी तार करतं का? कोण जखमी? सगळी कामं बाजूला ठेव आणि लिही.

ताई

*

२१ मे

प्रिय ताई,

पेढे वाट! आपण विश्वचषकात!

तार पाहून घाबरू नकोस. थोडं लागलंय लंबूला. कानाच्या वर. आता झोपलाय, म्हणून मी लिहितोय.

नीट सांगतो. यजमानांनी २३० केल्या. लंबू सलामीला गेला आणि काय खेळला! ९६ झाल्या असताना लोहाराचा चेंडू त्या जागेवरून उठला. लंबू खाली बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. कप्तानाने येऊन तोंड उघडायला लावलं आणि म्हणाला, दात शाबूत आहेत. सगळे हसले. लंबूसुद्धा हसला. त्याला बाहेर आणून बाकावर आडवं केलं, डोक्याला ओला टॉवेल. मग मागे रांग लागली, एक आला, एक गेला. १४१ वर सातवा, १६४ वर नववा. लंबू बाहेर असल्यामुळे खेळायला दुसरं कुणी नाही. म्हणजे सामना संपला. लोहार हात मिळवायला निघालाही. पंचांनी यष्ट्यांवरच्या गुल्ल्या उचलायला हात घातला.

आणि ताई, त्या क्षणी अख्ख्या मैदानात एकट्या मला माहीत होतं, की संपलेलं नाही! मी चिठ्ठी लिहिली: '१७१. अजून सात.' बाराव्या खेळाडूच्या हाती कप्तानाकडे धाडली. कप्तानाने वाचली, लंबूकडे बघितलं, आणि लंबू उठून उभा राहिला. कुणी जबरदस्ती केली नाही. पाच मिनिटं तो खेळला. दोन, मग पोस्टमनची एक, मग लंबूच्या बॅटीची कड लागून चार. १७१! आमची माणसं नाचत सुटली. मी टेबलावर चढलो, वही खाली पडली.

पुढच्या चेंडूवर त्याला आणखी थोडं लागलं, तिथेच डाव संपला. पण तेव्हा आपण पात्र ठरलो होतो.

तो खूप झोपतो. डॉक्टर म्हणतात, झोपू द्या. जागा झाला की त्याच्याकडून चार ओळी लिहून घेईन. इथे स्वच्छता चांगली आहे, नर्सा प्रेमळ आहेत. तो झोपलेला असतो तेव्हा अगदी लहानपणीसारखा दिसतो.

तुझा धाकटा

*

२८ मे

धाकट्या,

तुझ्या पत्रात तो पुन्हापुन्हा झोपलाय. दवाखाना हा शब्द एकदाही नाही, पण नर्सा आहेत. मला काय पहिलीतलं पोर समजलास?

'हेल्मेटं आहेत' असं लिहिलंस. तो घालतो, असं लिहिलं नव्हतंस. मी मुद्दाम विचारलं होतं.

मला तिकडे यायचा परवाना मिळायला महिना लागेल म्हणतात. शाळेच्या फोनवरून व्यवस्थापकांच्या हॉटेलात तीनदा लावला. तिन्ही वेळा कुणीतरी सांगितलं, साहेब बाहेर गेलेत. रात्री डोळा लागत नाही. भिंतीवरच्या त्याच्या उंचीच्या खुणा बघत बसते. दरवर्षी तूच ओढायचास त्या, पट्टी धरून.

जे आहे ते लिही. वाईट असेल तर वाईट लिही. तू तर जे दिसतं तेच लिहिणारा ना?

ताई

*

४ जून

प्रिय ताई,

लिहितो.

तो सहा दिवस शुद्धीवर नव्हता. डोक्यात रक्त साचलं होतं, कवटी उघडावी लागली. तू इतकी लांब, कागदावर सही मी केली. तुला विचारायला सहा दिवस जाणार, उत्तर यायला सहा. तारेनेसुद्धा उत्तर वेळेत आलं नसतं, डॉक्टरांकडे अर्धाच तास होता.

हेल्मेटं दोनच होती. एकही त्याला बसलं नाही. तो टोपीवर खेळला. मला माहीत होतं. 'आहेत' असं लिहिताना हात थांबला होता माझा, पण मग लिहून टाकलं.

आता तो जागा आहे. जेवतो, भरवावं लागतं. डावा हात उचलत नाही. मला ओळखतो असं वाटतं, पण एकच वाक्य बोलतो. "अजून किती?"

ते कुठून आलं तेही सांगतो. मागच्या पत्रात हे गाळलं होतं. चौकार गेला, १७१ झाल्या, आणि आम्ही सगळे नाचायला लागलो. लंबू तिकडे मध्ये उभा होता, नाल्याच्या टोकाला. त्याने माझ्या टेबलाकडे बघून हात वर केला आणि बोटं हलवून विचारलं, अजून किती? मी टेबलावर उभा होतो. मी त्याच्याकडे बघून दोन्ही हात हलवले. आनंदाने, ताई. 'झालं, ये परत' असं त्याला कुणीच सांगितलं नाही. त्याला वाटलं असणार, अजून हव्यात. त्याने मान डोलावली आणि पुन्हा बॅट टेकवली. लोहार धावत आला.

पंधराला त्याला घेऊन निघतोय. सोबत एक नर्स आणि कप्तान. विमानतळावरून ते त्याला तुझ्याकडे आणतील. मी तिथूनच माझ्या गावी परत जाईन, काट्यावर हजर व्हायचंय. साहेबांनी फार रजा दिली.

तुझा धाकटा

*

२ जुलै

धाकट्या,

लंबू येऊन पंधरवडा झाला. तू उंबऱ्यापर्यंतही आला नाहीस. कप्तान आला होता. त्या माणसाने चहाला हात लावला नाही, खाली बघून रडला आणि गेला. वाईट माणूस नाही तो.

लंबूला मधल्या खोलीत खिडकीपाशी ठेवलंय. केस परत यायला लागलेत, एक पट्टा सोडून. लेथवरचे त्याचे सोबती रविवारी येतात, मोठमोठ्याने विनोद करतात आणि बाहेर ओट्यावर गेले की बराच वेळ वाकून चपला शोधत राहतात. तो दिवसभर विचारतो, अजून किती? भात भरवला की अजून किती. अंग पुसलं की अजून किती. मी म्हणते, झालं रे राजा, झालं. त्याला पटत नाही.

काल त्याची बॅग धुवायला काढली. खेळायच्या पँटच्या खिशात एक चिठ्ठी होती. तुझं अक्षर. '१७१. अजून सात.' कप्तान म्हणाला होता, की मैदानात जाताना लंबूने तीनदा विचारलं किती हव्यात, तीनदा विसरला, म्हणून चिठ्ठीच त्याच्या खिशात घातली. आकडा लक्षात राहत नाही अशा माणसाला तुम्ही लोहारासमोर उभं केलंत.

चिठ्ठी हातात आली आणि मला वाटलं, निदान बघू तरी हा आकडा आला कुठून. तुझी पत्रं काढली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले आणि गणित मांडलं. तुझी रीत नाही, माझी.

निळ्यांच्या धावा ८४०. त्यांची षटकं पन्नास, पन्नास, पन्नास, आणि चाळीस. आणि ते एकदा बेचाळीस षटकांत सर्वबाद झाले. तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, की सर्वबाद झालेल्यांची पूर्ण पन्नास धरायची. म्हणजे षटकं झाली २४०. ८४० भागिले २४०, साडेतीन. बाकी शून्य. आपली एकूण षटकं अडीचशे, त्यांना साडेतीनने गुणलं की ८७५. त्याच्या पुढे जायला ८७६ हव्यात. त्यातून ७३५ वजा केल्या.

उरल्या १४१.

मला वाटलं मी चुकले. तीनदा केलं. मग बेचाळीस धरून केलं, तर तुझे १७१ आले. बरोबर आले, एकाचाही फरक नाही.

१४१ धावा झाल्या तेव्हा लंबू बाहेर बाकावर आडवा होता, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. म्हणजे तेव्हाच तुम्ही आत गेला होतात. नववा गेला तेव्हा पंच गुल्ल्या उचलत होते. उचलू द्यायच्या होत्या रे.

मी हे अजून कुणाला बोललेले नाही. माझं गणित कुठे चुकलंय ते मला लिही. काहीतरी नियम असेल जो तू मला सांगितला नाहीस. असेल ना?

ताई

*

६ जुलै

ताई,

तुझं गणित चुकलेलं नाही. कधीच चुकत नाही.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संयोजकांनी छापील तक्ता वाटला. त्यात निळ्यांची षटकं २४० होती. मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून वाचला. बाकीच्यांनी फक्त आपला तिसरा नंबर बघितला आणि तक्ता खिशात घातला. मी तो फाडला.

मी सामना बघायला गेलो होतो, निळ्यांचा तो. समोर बेचाळीस षटकं पडली, मी वहीत बेचाळीस लिहिली. बेरीज करताना वहीतून उतरवली. नियम मला पाठ होता, ताई. तुला मीच सांगितला होता. पण हात तेच लिहितो जे डोळ्यांनी पाहिलं. ताळा केला असता तर कळलं असतं. सतरा तारखेला संध्याकाळभर वेळ होता मला. त्या वेळात मी तुला पत्र लिहिलं, सगळे माझ्याकडे बघतात म्हणून.

एकवीस तारखेला पत्र लिहायला बसलो तेव्हा मला हे माहीत होतं. तरी 'पेढे वाट' लिहिलं. त्या पत्रातला आनंद सगळा खोटा होता. काय लिहू दुसरं, ते सुचलं नाही.

मी संघाची वही परत केली. कारण सांगितलं नाही. काट्यावर जातो, पण आता प्रत्येक ट्रक दोनदा चढवतो. ड्रायव्हर शिव्या देतात. तूही दे. तू सांगशील ते करीन. तुझ्या दारात यायचं तेवढं सांगू नकोस. त्याने मला विचारलं तर माझ्याच्याने ऐकवणार नाही.

धाकटा

*

९ जुलै

धाकट्या,

शिव्या द्यायला माझ्यात जीव उरलेला नाही. माफ करायलाही नाही. ते पुढे कधी होईल का, मला माहीत नाही, आणि होईलच असं तू धरून चालू नकोस.

पण तुला यावं लागेल.

परवा मी त्याला स्पष्ट सांगितलं. म्हटलं, बाळा, एकही नको होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुसरं काहीतरी बोलला. म्हणाला, "मामाला विचार." रात्रभर तेच चाललं होतं. मामाला विचार, मामाला विचार. मी गणिताची बाई, पण माझा आकडा त्याला चालत नाही. आकडा तू सांगायचास ना त्याला, लहानपणापासून.

शनिवारी पहिल्या गाडीने ये. दार लोटलेलं असेल. माझ्याशी बोलायला थांबू नकोस, सरळ मधल्या खोलीत जा. खिडकीपाशी स्टूल ठेवलंय. तो विचारेल, अजून किती. तू म्हणायचं, एकही नको.

तो विसरेल आणि पुन्हा विचारेल. पुन्हा सांगायचं. मी पुरे म्हणेपर्यंत सांगायचं.

ताई